उठून गेलेल्या गावांची पांढरी

वऱ्हाडची जमीन काळी आहे, ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडील बालाघाटाच्या चढापर्यंत पसरलेले पूर्णा नदीचे खोरे, म्हणजे जुन्या कागदांतील पयनघाट, हे कापसाचे आणि ज्वारीचे माहेरघर. अमरावती व अकोला ह्या दोन्ही जिल्ह्यांचा मोठा भाग ह्याच खोऱ्यात मोडतो. ह्या सपाट काळ्या पटावर कोठे कोठे शेताच्या मधोमध एखादा उंचवटा दिसतो. त्याची माती काळी नसून राखेसारखी फिकट असते. तिच्यात खापऱ्यांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा, जात्याचा अर्धा फुटका पाळू अशा वस्तू सापडतात. जवळच एखादे निंबाचे अथवा चिंचेचे जुने झाड आणि त्याखाली शेंदूर फासलेला दगड असतो. वस्ती मात्र कोठेच नसते. आसपासचे शेतकरी ह्या जागेस 'रिठी' म्हणतात, आणि तिच्या मातीस 'पांढरी' म्हणतात. येथे पूर्वी गाव होते आणि ते उठून गेले, एवढे त्या दोन शब्दांवरून समजते. त्यापुढची हकीकत त्या मातीतूनच काढावी लागते.

काळी आणि पांढरी ही जोडी महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत फार जुनी आहे. जी पिकते ती काळी आणि जेथे माणसे नांदतात ती पांढरी. जुन्या मराठी कागदपत्रांत 'समाकुल पांढरी' असा शब्दप्रयोग येतो, तेव्हा त्याचा अर्थ माती असा नसून गावचे सर्व रहिवासी असा असतो. मातीच्या रंगावरून माणसांच्या समुदायास नाव पडावे, ह्यात मोठी समज साठवलेली आहे. कारण ही माती मूळची पांढरी नसते. तिला पांढरी करतात ती माणसेच.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात हात खोल भेगा पडतात. अशा मातीची भिंत टिकत नाही. म्हणून घर बांधणारा मनुष्य नाल्याकाठची चुनखडीमिश्रित, फिकट, कमी फुगणारी माती शोधून आणतो. तिच्या भिंती उठतात, आणि धाब्याच्या घरांवर तिचाच जाड थर अंथरला जातो. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती पडते, दर सणाला भिंतींना व जमिनीला सारवण होते, चुलीतील राख आणि गोठ्यातील केर परसात साचतो. एखादे घर पडले, तर ढिगारा उचलून नेण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. तो सपाट करून त्यावरच दुसरे घर उभे राहते. पिढ्यामागून पिढ्या हा क्रम चालला म्हणजे गावाची जमीन भोवतालच्या शेतांपेक्षा पुरुषभर, कधी दोन पुरुष उंच होते. राखेतील क्षार, चुना, हाडांचा चुरा आणि शेणमाती ह्यांच्या मिश्रणाने तिचा रंग पालटतो. रिठीचे टेकाड हा निसर्गाने घातलेला ढीग नसून शेकडो वर्षांच्या संसाराची ती साचलेली शिल्लक होय.

गाव उठल्यावर लाकूडफाटा, दारांच्या चौकटी, कामाचे दगड लोक बरोबर घेऊन जातात. मागे उरते ती केवळ माती. पाऊस भिंती विरघळवून टाकतो आणि दहावीस वर्षांत सर्व आकार मऊ होतात. तरीही पाहणाऱ्याची नजर सरावलेली असेल, तर ह्या मऊ झालेल्या आकारांतून गावाचा नकाशा वाचता येतो. सकाळी अथवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना, वीतभर उंचवट्याचीही सावली पडते, आणि दुपारी सपाट भासणारी जागा तेव्हा रेषांनी भरून जाते.

ह्या रेषांत प्रथम डोळ्यांत भरते ती गढी. वऱ्हाडात देशमुख, देशपांडे, पाटील ह्यांच्या गढ्या गावोगाव होत्या. खाली दगडांचे काही थर, वर चोपून बसवलेल्या पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती आणि कोपऱ्यांना बुरूज, अशी त्यांची रचना असे. धारकऱ्यांची टोळी आली की गावकरी गुरेढोरे व धान्य घेऊन आत शिरत. पडलेल्या गढीचा ढीग सर्व टेकाडात उंच असतो आणि पावसाच्या ओघळींनी त्याच्या अंगावर खोल चिरा पडलेल्या असतात. चार कोपऱ्यांवर चार गोल फुगवटे दिसले, तर ते बुरूज समजावेत.

गढीपासून खाली उतरत जाणारी खोलगट पट्टी म्हणजे गावची मुख्य गल्ली. बैलगाड्यांच्या चाकांनी आणि पावसाळी पाण्याने ती घरांच्या जोत्यांपेक्षा खाली गेलेली असते. ती जेथे टेकाडाबाहेर पडते, तेथे वेस असावयाची, आणि तेथेच पुष्कळदा मारुतीचा दगड सापडतो. गल्लीच्या दोहों बाजूंस चौकोनी बसके ओटे दिसतात, ती घरांची जोती. मध्येच वाटोळे खड्डे आढळतात, ती पेवे. ज्वारी साठवण्याची ही भुयारे तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असत. काळ्या मातीत ओल धरते म्हणून ती पांढरीच्या कोरड्या उंचवट्यात खणीत. वरचा भाग ढासळला की पेवाचा खळगा होतो. गावाबाहेर एक मोठी, उथळ, अनियमित आकाराची खोलगट जागा बहुधा असते. भिंतींसाठी माती काढून काढून ती झालेली असते, आणि पाणी साचून तिचेच गुरांचे तळे बनते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. टेकाड दाखवते ते गावकुसाच्या आतले गाव. जातिव्यवस्थेने ज्यांना कुसाबाहेर ठेवले, त्यांच्या वस्त्या सखल जागी, हलक्या सामानाच्या आणि वारंवार विस्कटणाऱ्या होत्या. त्यांचा उंचवटा झालाच नाही, किंवा झाला तो नांगराखाली लवकर गेला. वास्तविक गावच्या शिवेचा तंटा उपस्थित झाला असता सीमा कोठून जाते हे सांगण्याचा मान महारांचा होता. साऱ्या गावाच्या हद्दीची आठवण ज्यांनी जपली, त्यांच्या घरांची खूण मात्र मातीने जपली नाही. म्हणून रिठीची पाहणी करणाऱ्याने टेकाडावर थांबता उपयोगी नाही. भोवतालच्या शेतांतून, विशेषतः नाल्याच्या बाजूस, खापऱ्या कोठपर्यंत विखुरल्या आहेत हे पाहिल्याखेरीज गाव पुरते पाहिले असे होत नाही.

आता ही गावे उठली का, हा प्रश्न. त्याचे एकच उत्तर नाही. जुन्या दप्तरांत ओसाड गावास 'बेचिराग' म्हणत. जेथे दिवा लागत नाही असे गाव, हा त्या फारसी शब्दाचा अर्थ. त्याचेच 'बेचिराख' असे रूप मराठीत रूढ झाले, आणि लोक त्याचा संबंध राखेशी जोडू लागले. दिवा विझण्याची कारणे अनेक होती. पहिले दुष्काळाचे. १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने बारा वर्षांचा मानला जातो. १६३०-३२ च्या दुष्काळाने गुजरात, खानदेश व दख्खन उद्ध्वस्त केले. १८०३-०४ साली युद्ध आणि दुष्काळ ही दोन्ही संकटे वऱ्हाडावर एकदम आली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे लढाई झाली आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला. ज्या मुलखातून फौजा गेल्या, तेथील चारा, धान्य आणि बैल ह्यांचे काय झाले असेल हे सांगावयास नको.

दुसरे कारण राज्यव्यवस्थेचे. इमादशाही १५७४ साली संपून वऱ्हाड निजामशाहीत गेले आणि १५९६ च्या तहाने ते अकबराच्या ताब्यात आले. अठराव्या शतकात येथे निजाम आणि नागपूरकर भोसले ह्यांचा दुहेरी अंमल होता. एकाच गावाच्या वसुलावर दोघांचे कामदार येत. त्यात पुढे पेंढाऱ्यांच्या धाडींची भर पडली. अशा वेळी लहान गावास दोनच मार्ग असत. एक, गढी मजबूत करणे. दुसरा, जवळच्या मोठ्या कसब्याच्या आश्रयास जाणे. अमरावतीस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दगडी परकोट बांधला गेला, तो पेंढाऱ्यांच्याच भयाने. एखाद्या शहराभोवती असा तट उठतो, तेव्हा आसपासची काही दुबळी गावे त्याच्या आत ओढली जातात, हे ध्यानात ठेवावयास हवे.

तिसरे कारण पाण्याचे, आणि ते पूर्णेच्या खोऱ्याचे खास आहे. नदीच्या दोन्ही अंगांस खारपाण पट्टा पसरला आहे. तेथे विहीर खणली तरी पाणी मचूळ लागते. एखादा गोड्या पाण्याचा झरा अथवा आड आटला किंवा खारावला, तर तेथील वस्तीस दुसरीकडे जाणे भाग पडे. उलट नदीकाठचे गाव पुराच्या तडाख्याने वरच्या बाजूस सरकत असे. अशा वेळी गाव मरत नसे, ते फक्त जागा बदलत असे. दूर जाऊन वसलेले लोकही आपल्या जुन्या पांढरीवरच्या देवास नारळ फोडावयास पुष्कळ ठिकाणी वर्षातून एकदा येतात. घरे हलतात, पण ग्रामदेवता हलवीत नाहीत. कित्येक रिठींची जागा शास्त्रज्ञांना ठाऊक नसून भाविकांना ठाऊक असते, ती ह्यामुळे.

केवळ लहान गावेच अशी गेली असे नाही. अकबराचा पुत्र शाहजादा मुराद ह्याने वऱ्हाड मिळाल्यावर बाळापूरजवळ आपला तळ दिला. त्या तळाभोवती शाहपूर नावाचे सुंदर शहर वाढले, अशी नोंद अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त केली आहे. मुराद १५९९ साली वारला, आणि ज्या आश्रयावर ते शहर उभे होते तो आश्रयच नाहीसा झाला. बाळापूर आजही गजबजलेले आहे. शाहपूरचे वैभव मात्र ग्रंथातल्या दोन ओळींपुरते उरले. शहराची जर ही गत, तर ज्या गावांविषयी कोणीही एक ओळ लिहिली नाही, त्यांची साक्ष देण्यास मातीवाचून दुसरे काय आहे?

ही साक्ष किती मागे जाऊ शकते, ह्याचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. चांदूर बाजार तालुक्यातील तुळजापूर गढी येथे १९८४-८५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वतीने बोपर्डीकर ह्यांनी उत्खनन केले. नावावरून गढीची जागा, परंतु टेकाडाच्या पोटात निघाले तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे खेडे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर लोक रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखतात. तेथे १९६२ ते १९६४ ह्या काळात मोरेश्वर दीक्षित ह्यांनी खणून वस्तीचे प्राचीन थर उजेडात आणले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातील भोन येथे २००२ नंतर डेक्कन कॉलेजने काम केले, तेव्हा विटांचा स्तूप आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. ज्यास गावकरी नुसते पांढरीचे टेकाड म्हणत, त्याच्या पोटात असा ऐवज निघतो. वरचे चार हात मध्ययुगाचे असतात. त्याखाली काय आहे हे खणल्यावाचून कळत नाही, आणि वरचे चार हात गेले की मध्ययुगाचा पुरावा तर आधीच गेलेला असतो.

परदेशातही ह्या विषयाकडे लक्ष उशिराच गेले. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात व्हॅरम पर्सी नावाचे उठलेले गाव आहे. तेथे गवताखाली घरांची जोती, गल्ल्या आणि बांध अजून उंचवट्यांच्या रूपाने दिसतात. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट ह्या दोघा अभ्यासकांच्या पुढाकाराने १९५० पासून १९९० पर्यंत, चाळीस वर्षे, तेथे दर उन्हाळ्यात उत्खनन चालले. तिकडे पुष्कळ गावे मेंढ्यांच्या कुरणांसाठी उठवली गेली. कुरण झाल्यामुळे नांगर फिरला नाही आणि उंचवटे वाचले. वऱ्हाडात उलटे झाले. १८५३ साली प्रांताचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढच्या दशकात जमिनीची मोजणी झाली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास सोन्याचा भाव आला, आणि १८६७ च्या सुमारास आगगाडी वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली. पडीक जमिनीचा तुकडा न् तुकडा लागवडीखाली येऊ लागला. जेथे दिवा लागत नव्हता तेथे नांगर लागला. ओसाड गावांची नावे महसुली दप्तरांत राहिली, त्यांच्या सीमाही राहिल्या, पण टेकाडे मात्र वर्षावर्षाने झिजू लागली.

तथापि नांगरापेक्षा मोठी झीज दुसऱ्याच एका कारणाने होते, आणि तिच्या मुळाशी ह्या मातीचा गुणच आहे. पांढरीची माती भिंतींना व धाब्याला उत्तम, म्हणून जुन्या टेकाडावरून ती गाड्या भरभरून नेण्याची वहिवाट आहे. शिवाय तिच्यात राख आणि हाडांचा अंश असल्यामुळे ती खत म्हणून शेतात पसरतात. हा प्रकार एकट्या वऱ्हाडचा नव्हे. ईजिप्तमधील शेतकरी प्राचीन वस्त्यांच्या ढिगांतील 'सेबाख' नावाची माती खतासाठी नेत. १८८७ साली अमार्ना येथे मृत्तिकालेखांचा प्रसिद्ध संग्रह सापडला, तो अशाच खणण्यात सापडला असे सांगतात. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यातही कांस्ययुगीन खेड्यांची टेकाडे खतासाठी खणली गेली, आणि त्या खतमातीचेच नाव पुढे त्या संस्कृतीस मिळाले. शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. बैलगाडीच्या काळात एका पिढीत टेकाडाचा एखादा कोपरा जात असे. आज यंत्राच्या फावड्याने अख्खे टेकाड आठवड्यात सपाट होऊ शकते. धोका वहिवाटीत नसून तिच्या वेगात आहे.

गावे उठण्याचा क्रमही थांबलेला नाही. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणासाठी गावे हलली. मेळघाटात १९७४ साली व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला, आणि पुढे २००१ ते २००३ च्या सुमारास बोरी, कोहा व कुंड ही डोंगरातील गावे अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्याच्या सपाटीवर आणून वसवण्यात आली. त्यांच्यामागून मेळघाटातील आणखीही गावे खाली उतरली. ह्या गावांतून बहुसंख्येने कोरकू लोक राहत होते. त्यांच्या घरांच्या जागी आज रान वाढते आहे. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेवर होणाऱ्या जिगाव प्रकल्पाने तर जुनी आणि नवी अशी दोन्ही पांढरी एकत्र आणली आहे. तेथे राहती गावे उठत आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वी उठलेले भोन हेही त्याच पाण्याच्या छायेत आले आहे. मध्ययुगात गाव उठले तेव्हा ते का उठले, कोण कोठे गेले, हे लिहून ठेवणारा कोणी नव्हता. आज लिहिणारे आहेत, परंतु सरकारी कागदावर येते ते घरांची संख्या, जमिनीचे क्षेत्र आणि मोबदल्याची रक्कम. कोणत्या गल्लीत कोण राहत होते, पाणी कोठून आणीत, देव कोठे ठेवला, हे कागदावर येत नाही. म्हणजे पाचशे वर्षांनंतरच्या अभ्यासकास आजच्या गावाविषयीही पुन्हा मातीलाच विचारावे लागेल.

सर्वच रिठी सरकारने राखाव्यात अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. १९५८ व १९६० च्या पुरातत्त्वविषयक कायद्यांचे संरक्षण जाहीर केलेल्या निवडक स्थळांनाच मिळते, आणि रिठींची संख्या मोठी आहे. परंतु ज्यास खर्च जवळजवळ नाही असे पुष्कळ काही गावपातळीवर होण्याजोगे आहे. तलाठ्याकडील गावनकाशात ओसाड गावठाणाची जागा दाखवलेली असेल, तर तेथे जाऊन आज किती टेकाड शिल्लक आहे ह्याची नोंद करता येते. शाळेतील मुलांना घेऊन शिक्षकास पावलांनी मोजलेला साधा आराखडा काढता येतो. त्यात गढी कोठे, गल्ली कोठे, पेवांचे खळगे किती, खापऱ्या कोठपर्यंत, एवढे आले तरी पुरे. उन्हाळ्याच्या अखेरीस, गवत वाळलेले असते आणि पेरणी व्हावयाची असते, तेव्हा हे काम उत्तम होते. माती न्यावयाचीच असेल, तर टेकाडाच्या एका कडेची न्यावी आणि मधला भाग अस्पर्श ठेवावा. खणताना कापलेल्या कडेत राखेचे, जळक्या मातीचे, विटांचे थर एकाखाली एक दिसतात. त्या कडेचे एक छायाचित्र काढून ठेवले तर ते पुढे मोलाचे ठरते. वस्तू मात्र उचलून घरी नेऊ नयेत. खापरी जागेवर असेल तोवरच ती काही सांगू शकते, फडताळात ठेवलेली खापरी मुकी होते.

आणि सर्वांत निकडीचे काम मातीचे नसून माणसांचे आहे. मेळघाटातून खाली आलेल्या, धरणांच्या पोटातून उठलेल्या गावांतील वृद्ध मंडळी अजून आपल्या जुन्या गावाचा नकाशा डोळे मिटून सांगू शकतात. वेस कोणत्या दिशेला होती, आडाचे पाणी गोड होते की मचूळ, होळी कोठे पेटत असे, कुसाबाहेर कोणाची घरे होती, हे सर्व त्यांच्या तोंडी आहे. ते उतरून घेण्यास कुदळ लागत नाही, वही लागते. पांढरीचे टेकाड शंभर वर्षे वाट पाहू शकेल. ही माणसे तितकी वाट पाहू शकणार नाहीत.